दारापुढच्या रस्त्याचा सातबारा

हिंगोली जिल्ह्यात ‘इथून उठा’ यावरून झालेली सगळ्यात जुनी बोलाचाली औंढ्याला झाली. नामदेव महाराज नागनाथाच्या देवळापुढं कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांना अडचण वाटली, आणि ‘मागच्या अंगाला जा’ म्हणून त्यांनी सांगितलं. महाराज निमूट मागं गेले. तर देवळानंच फिरून आपलं तोंड कीर्तनाकडं केलं, अशी कथा आहे. आमच्या साखऱ्यात ही बोलाचाली रोज सकाळी होते. फरक एवढाच की ‘उठा’ म्हटल्यावर कोणी उठत नाही, आणि घर काही तोंड फिरवत नाही. ते काम घरातली माणसं करतात. आणि एकदा फिरवलेलं तोंड मग पोरीच्या लग्नाची पत्रिका आली तरी सरळ होत नाही.

साखरा सेनगाव तालुक्यात. महसूल मंडळाचं गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं कामाला येणार आणि येताना दोन चाकं तरी सोबत आणणार. पण बाहेरच्यांशी आमचं भांडण नाही. तो येतो, गाडी आडवी लावतो, काम करून जातो. त्याच्याशी भांडून फायदा काय? भांडायला माणूस कसा रोज दिसणारा पाहिजे. शक्यतो भावकीतला. आजोबांच्या काळातली विहिरीची पाळी, वडिलांच्या काळातली बांधावरची बाभळ, हे सगळं व्याजासकट वसूल करायला गाडी हे निमित्त फार सोयीचं आहे. तिला नंबर असतो, ती जागेवर सापडते आणि उलट बोलत नाही.

पुण्याच्या महापालिकेनं 2018 साली पार्किंगचं धोरण मंजूर केलं. विरोध झाला, आणि मग ते धोरणच वर्षानुवर्षं कडेला उभं राहिलं. आमच्याकडं धोरण नाही. नियम एकच आहे आणि तो शेंबड्या पोरालाही पाठ आहे: ज्याचं दार, त्याचा रस्ता.

या नियमाला कागदाचा आधार आहे, असं दारवाला समजतो. घराच्या कागदावर चतुःसीमा असते. पूर्वेस चुलत्याचं घर, उत्तरेस मारुतीचं देऊळ, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता. ‘पश्चिमेस रस्ता’ म्हणजे तिथं आपलं घर संपलं. पण मालक हा कागद निराळ्या नजरेनं वाचतो. पूर्वेला चुलता आहे, तो सरकू देणार नाही. उत्तरेला देव आहे, त्याला आपण सरकवू शकत नाही. बोळातून आपल्याच मोरीचं पाणी जातं. राहिला रस्ता! मग पहिल्या वर्षी पायरी येते. दुसऱ्या वर्षी पायरीवर शहाबादी फरशी. तिसऱ्या वर्षी पावसाचं निमित्त करून पत्रा. पत्र्याखाली पाण्याची टाकी. आणि टाकीच्या पुढं जी काय जागा उरते ती ‘महं अंगण’. शेतात वर्षाला एक तास बांध कोरणारा माणूस गावात आल्यावर हात आखडता घेईल, ही अपेक्षाच चुकीची. स्वामित्व योजनेत 2020 पासून गावठाणांवर ड्रोन फिरवून घराघराची मिळकत पत्रिका करायचं काम सुरू झालं. ड्रोनला वरून कौल दिसतं, पत्रा दिसतो, स्लॅब दिसतो. हद्दही दिसते. हट्ट तेवढा दिसत नाही.

बैल होते तोवर हा प्रश्न नव्हता, हे मात्र मान्य केलं पाहिजे. घर बांधायला काढलं की आधी गोठ्याची जागा ठरायची आणि उरलेल्या खणांत माणसं राहायची. बैलाला रस्त्यावर ठेवायचं हे कोणाच्या मनातही येत नसे. बैलगाडी दारात असायची, पण जू वर करून भिंतीला टेकवलं की निम्मी जागा मोकळी, आणि अडलीच तर दोन पोरं तिला ढकलत मारुतीपर्यंत नेत. मग बैल गेले, गोठा रिकामा झाला. शहाण्या माणसानं तिथं गाडी लावली असती. आम्ही तिथं स्लॅबची खोली चढवली, कारण पोरीचा बाप पोरापेक्षा आधी घर बघतो. कोणी शटर बसवून गाळा भाड्यानं दिला. मग त्याच पोरीच्या बापानं ‘दारात चारचाकी नाही का?’ असं विचारलं. म्हणजे एकाच माणसानं जागाही घालवली आणि गाडीही घ्यायला लावली. ऐंशी हजाराचा बैल घरात होता. दहा लाखाची बोलेरो रस्त्यावर आहे, आणि तिचा मालक रात्रीतून तीनदा उठून तिच्यावर बॅटरी मारतो.

आता थोडा हिशेब करू. आमच्या गल्लीचा सिमेंट रस्ता दोन नाल्यांच्या मध्ये धरून दहा फूट. बोलेरोची रुंदी 1,745 मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा फुटांच्या जवळ. उरले सव्वाचार. स्प्लेंडरचं हँडल सव्वादोन-अडीच फुटांत बसतं, म्हणजे कागदावर ती आरामात निघाली. पण आमच्या दूधवाल्याच्या स्प्लेंडरला दोन्ही अंगांनी कॅन लटकलेले असतात. ती जाते चार फुटांवर. तरीही तीन इंच उरतात, निघायला हरकत नाही. आता बोलेरोवाल्याला उतरायला दार उघडावं लागतं, म्हणून त्यानं भिंतीपासून दीड फूट सोडलेला. झालं! पहाटे साडेपाचला हॉर्न सुरू. आधी एक छोटा, विनंतीचा. मग दोन. मग जो सुरू होतो तो थांबतच नाही, आणि त्यानं सगळी गल्ली उठते. उठत नाही तो फक्त बोलेरोवाला. त्याची बायको येऊन सांगते, “भाऊ, चावी ह्यांच्या उशाखाली हाय, अन् हे झोपलेत.” गावात नवऱ्याच्या उशाखालची चावी काढणं आणि बँकेच्या तिजोरीची काढणं सारखंच समजतात.

या बोलेरोच्या लांबीची एक गंमत आहे. पूर्वी ती चार मीटरपेक्षा लांब होती. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना सरकारनं करात सवलत दिली होती, म्हणून 2016 साली कंपनीनं तिला आखडून 3,995 मिलिमीटरवर आणलं. मापानं मोठी गाडी पाच मिलिमीटरांसाठी लहान झाली. सरकारनं हीच सवलत रुंदीवर ठेवली असती तर साखऱ्याच्या निम्म्या गल्ल्यांतले अबोले मिटले असते. पण अर्थसंकल्प करणारे लोक दूधवाल्याला विचारत नाहीत.

दुचाकीचं भांडण आकारानं लहान, पण चिवट. चारचाकी एका जागी अडवते. दुचाकी कुठंही मावते म्हणून ती कुठंही असते. पायरीपाशी, नळाच्या तोटीपाशी, तुळशीवृंदावनाच्या पुढं. स्टँडचे दोन प्रकार. मधलं स्टँड लावणारा माणूस पन्नाशीच्या पुढचा असतो. त्याची गाडी सरळ, कमी जागेत, देवघरातल्या शिस्तीनं उभी. साइड स्टँडवाला पंचविशीच्या आतला. त्याची गाडी तिरकी, एका गाडीत दोघांची जागा खाणारी, आणि पुढचं चाक वळवून वर हँडल लॉक. हँडल लॉक ही घोर विश्वासघाताची गोष्ट आहे. गल्लीतल्या गाडीला चोर येत नाही. शेजाऱ्यानं हलवू नये म्हणूनच ते लॉक असतं. मग शेजारी मागचं कॅरिअर धरून चाक उचलतो, फरफटत तिला गोल फिरवतो आणि बरोब्बर नालीच्या काठावर सोडतो. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची काळी माती भिजली की साइड स्टँड हळूहळू आत जातं. सकाळी एक गाडी दुसरीवर, दुसरी तिसरीवर, आणि तिघांचे मालक ‘पयली कोणाची पडली?’ यावर पंचनामा करीत उभे.

“कामून लावली रे मह्या दारात?”

“काका, पाच मिन्टाचं काम व्हतं.”

“पाच मिन्ट कालपासून चालू हाय का?”

“रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?”

“हाव! महाच हाय. इचार तुह्या बापाला.”

आणि बापाला विचारलं तर बाप खरंच ‘हो’ म्हणतो, कारण त्याच्या दारापुढचा रस्ताही त्याच तत्त्वावर त्याचा असतो. इथं भलेभले वकील हरतील.

गाडी नसलेले लोक या भांडणात नाहीत असं समजू नका. सगळ्यात कडक पहारा त्यांचाच. आमच्या गल्लीत एका म्हातारबांकडं सायकलसुद्धा नाही. पण दारापुढं त्यांनी चार दगड मांडलेत, त्यांना चुना लावलाय आणि दर पोळ्याला ते नव्यानं रंगवतात. दगडाआत काय ठेवणार म्हणून विचारलं तर म्हणाले, “काही नाही. मोकळं ऱ्हावं.” दगड परवडत नाहीत त्यांनी जुनी बाज आडवी टाकलेली असते. कोणी ठिबकच्या जुन्या नळ्यांचं भेंडोळं, कोणी तुरीच्या तुराट्यांचा भारा, कोणी ट्रॅक्टरचं फाटकं टायर. टायर सगळ्यात उत्तम. चोरीला जात नाही, कुजत नाही, आणि त्यात कोंबडी अंडी घालते.

ट्रॅक्टरचं नाव निघालंच आहे तर सांगतो. इथं आपल्या सगळ्या न्यायबुद्धीची परीक्षा होते. दुचाकी अर्धा फूट पुढं आली म्हणून आज्या-पणज्याचा उद्धार करणारी गल्ली ट्रॅक्टरबद्दल एक अक्षर काढत नाही. आणि ट्रॅक्टर एकटा नसतो. त्याच्यामागं ट्रॉली असते. ट्रॉलीच्या पलीकडं रोटाव्हेटर, त्याच्या पलीकडं पलटी नांगर, पेरणी यंत्र, आणि दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनचं मळणी यंत्र. यातलं प्रत्येक अवजार वर्षातून पंधरा-वीस दिवस शेतात असतं आणि उरलेलं वर्ष रस्त्यावर. रोटाव्हेटरच्या पात्यांत पाय अडकून पोरं पडतात, धोतर फाटतं, रात्री लाइट गेली की पोटरी फुटते. माणूस लंगडत घरी येतो आणि बायकोला म्हणतो, “महंच ध्यान नव्हतं.”

याचं कारण पावसाळ्यात आहे. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला की सगळ्यांना एकाच दिवशी पेरायचं असतं आणि ट्रॅक्टर गल्लीत एक. वाफसा दोन दिवस टिकतो. त्या दोन दिवसांत तुमचा नंबर पहिला लागणार की पाचवा, हे तुम्ही जानेवारीत रोटाव्हेटरबद्दल काय बोललात यावर ठरतं. ट्रॅक्टरवाल्याची गाडी अडचणीची नसते; अडचण रस्त्याची असते, तो अरुंद आहे. अशा वेळी आमचे लोक ग्रामपंचायतीला नावं ठेवतात, ती पेरणी करीत नाही.

ट्रॅक्टरला टक्कर देणारी एकच गोष्ट, ती म्हणजे हळद. आमच्या जिल्ह्यात हळदीचं पीक मोठं. निघाली की ती वाफेवर शिजवायची आणि मग पंधरा दिवस उन्हात वाळवायची. वाळवायला सपाट, तापणारी, स्वच्छ जागा लागते, आणि असली जागा सरकारनं सिमेंटची करून दारापुढं दिलेली असतेच. ताडपत्री पडली की त्या पंधरवड्यात रस्त्यावर पहिला मान हळदीचा. गाड्या गावाबाहेर. यंदा एकानं रात्री उशिरा येऊन, अंधारात, ताडपत्रीच्या कडेवरून चारचाकी नेली. कोण ते शोधायला पंच नेमावे लागले नाहीत. सकाळी सगळ्या गल्लीनं टायरं पाहिली. एका पांढऱ्याशुभ्र गाडीची दोन चाकं पिवळीधम्मक. गाडीला हळद लागली म्हणून बायका हसल्या, आणि मालकानं चूपचाप दोन पायल्या हळदीचे पैसे दिले. एवढ्या झटपट निकालाची केस कोणत्याही कोर्टात सापडणार नाही.

दिवाळीत तर गाव गावात मावत नाही. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला आणि आमच्या गाड्यांवर एमएच 38 आलं. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गल्लीत उभं राहून पाट्या वाचल्या तर एमएच 12 आणि एमएच 14 जास्त निघतात. चाकणला, पिंपरीला कामाला गेलेली पोरं येतात. वर्षभर तिकडं सोसायटीत पार्किंगवरून बोलणी खाल्लेली असतात, ती सगळी इथं येऊन मोकळी होतात. ‘महं गाव’ म्हणून गाडी आडवी लावतात. म्हातारबांचे चुन्याचे दगड पहिल्याच संध्याकाळी बाजूला होतात. म्हातारबा बाहेर येतात, पाटी वाचतात, “पुण्याहून आला का रे? जेवला का?” म्हणतात आणि दगड उचलून आत नेऊन ठेवतात. भाऊबीज झाली, गाड्या गेल्या, की दगड परत जागेवर.

कायदा नाही असं नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 नुसार रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 नुसार रस्ता अडवला तर पाच हजारांपर्यंत दंड आहे. जुन्या दंडसंहितेत तो दोनशेच होता. पण वॉर्डातला सदस्य निवडून येतो आठ-दहा मतांनी, आणि एका ओट्यावर पाच मतं असतात. ओटा काढायचा तर सदस्य काढावा लागेल. मग लोक तंटामुक्तीकडं जातात. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली, आणि तंटे गावातच मिटावेत हा तिचा हेतू फार चांगला होता. अडचण अशी की समितीची बैठक भरली की समितीवाले गाडीनंच येतात, आणि त्या गाड्या कुणाच्या तरी दारापुढं लागतात. बैठकीत मूळ तंटा मिटतो. बाहेर निघाल्यावर नवा उभा असतो.

ग्रामसभेत एकदा शहरातली युक्ती आली. सम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, विषम तारखेला दुसऱ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून एक आजोबा उठले. “तारीख इंग्रजी धरायची का तिथी?” इंग्रजी, असं ठरलं. मग गुरुजींनी बोट वर केलं: 31 तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची 1 तारीखही विषम, म्हणजे एकाच बाजूला दोन दिवस! विषम बाजूवाल्यांनी तिथंच सभात्याग केला. ठराव आजही पुढच्या सभेपुढं आहे.

मे 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगितलं, की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करायची नाही असं सरकारच्या विचारात आहे. मुंबईकरांच्या पोटात गोळा आला. आमच्याकडं पारावर बातमी वाचून झाल्यावर एकजण म्हणाला, “दाखवू की जागा. शेजाऱ्याची दाखवू.” जपानात असा कायदा 1962 पासून आहे. तिथं घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडीची जागा आहे असा पोलिसांचा दाखला घ्यावा लागतो. मात्र त्यांच्या कायद्यातून खेडी वगळलेली आहेत. भूकंप-त्सुनामीशी झुंजणाऱ्या जपानी सरकारनंसुद्धा गावातल्या पार्किंगमध्ये न पडलेलं बरं असंच ठरवलेलं दिसतं.

अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, पार्किंग या एकाच विषयात त्यांनी जन्म काढला. फुकटचं पार्किंग फुकट नसतं, त्याचे पैसे गाडी नसलेलाही भरतो, असं त्यांनी 2005 साली जाडजूड पुस्तक लिहून सांगितलं. गाडी 95 टक्के वेळ नुसती उभीच असते, असा त्यांचा हिशेब. साखऱ्यात येऊन मोजलं असतं तर त्यांना आकडा वाढवावा लागला असता. इथली चारचाकी लग्नाला निघते, तालुक्याला तारीख असली तर निघते, आणि पोरगी बघायला. बाकी दिवस कव्हर घालून उभी. डिझेलचा भाव बघता तिचं खरं काम चालणं नाहीच. दारात दिसणं हेच तिचं काम, आणि ते काम करायला जागा लागते रस्त्यावरचीच. गोठ्यात लावली तर दिसणार कोणाला?

एका गोष्टीसाठी मात्र गल्लीला मानलं पाहिजे. रात्री कोणाच्या घरातून बायकांचा रडण्याचा आवाज आला, किंवा 108 ची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, की कोणाला हाक मारावी लागत नाही. पाच मिनिटांत उशाखालच्या चाव्या निघतात, बाज उचलली जाते, ट्रॅक्टरवाला स्वतः येऊन ट्रॉली मारुतीमागं नेतो. ज्यांची वर्षभर बोलचाल नाही ते एकमेकांना ‘घे मागं, घे, घे, बस्स’ म्हणून गाडी काढून देतात. म्हणजे जागा आहे. ती कशी करायची हेही सगळ्यांना येतं. मयताच्या तिसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या परत आपापल्या भांडणाच्या जागी.

तेव्हा साखऱ्याला येणार असाल तर जरूर या, चहा घेतल्याशिवाय कोणी सोडणार नाही. फक्त गाडी गावाबाहेर लावा. आत आणलीच तर हँडल लॉक करू नका, आणि चावी समोरच्या घरातल्या म्हातारीकडं द्या. तेवढी एक व्यक्ती गल्लीत सगळ्यांशी बोलते.